एक उठला की दुसरीलाही उठवा

काल रात्री सव्वाअकरा ते साडेचार. सलग झोपली. दोघंही! जुळ्यांच्या आईबापांनाच कळेल मी काय म्हणतेय ते.

पाच महिन्यांची झालीत आता. डॉक्टर म्हणालेच होते, दिवस-रात्रीचं भान बाळांना साधारण ३-४ महिन्यांनी यायला लागतं, त्याआधी फार अपेक्षा ठेवू नका. पण आमच्याकडे खरा फरक पडला तो एका नियमाने: रात्री दादा दुधासाठी उठला, की धाकटीलाही उठवून पाजायचं. सासूबाईंना अजिबात पटलं नव्हतं. "झोपलेल्या लेकराला कोण उठवतं गं?" पण नाही उठवलं तर हा झोपेपर्यंत ती जागी, ती झोपेपर्यंत हा, आणि मी रात्रभर गस्तीवर.

बाकी रोज तेच. अंघोळ, मंद दिवा, दूध, ढेकर आणि पेंगायला लागली की आपापल्या पाळण्यात, पाठीवरच. मोहरीची उशी कपाटात गेली. वर्षाच्या आत उशी नकोच, असं डॉक्टरांनी बजावलंय. त्यावरून घरात थोडा अबोलाही झाला, असो.

गंमत म्हणजे दादा बोंबलत असतो आणि ही शेजारी मूठ तोंडात घालून ढिम्म झोपलेली! पंख्याची खरखर थांबली की मात्र दोघंही टक्क जागी. म्हणजे रात्री वीज गेली की संपलंच. इन्व्हर्टरवाला उद्या येतो म्हणालाय. गेल्या आठवड्यातही असंच म्हणाला होता.