टाळ पाण्यात बुडाले होते

आमच्या आजोबांचं गावाकडं भजनी मंडळ होतं. दर एकादशीला रात्री मारुतीच्या देवळात भजन व्हायचं आणि माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, ते कधीकधी टेपरेकॉर्डर पुढ्यात ठेवून कॅसेट भरायचे. अशा १४ कॅसेटी. २००९ मध्ये मी त्या सगळ्या कॉम्प्युटरवर घेतल्या, टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला लावायची आणि ऑडॅसिटी नावाच्या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्ड करायचं, साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे साठ मिनिटं तिथंच बसायचं, त्याला शॉर्टकट नाही.

तेव्हा फाईली वेव्हमध्ये होत्या, म्हणजे आवाज न दाबता आहे तसा ठेवलेल्या. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ, म्हणजे सीडीवर असतं तेच माप, आणि ते मिनिटाला साधारण १० एमबी खातं. १४ कॅसेटींचे आठ जीबीच्या वर झाले, हार्ड डिस्क भरत आलेली, म्हणून मी सगळं १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपीथ्रीत बदललं आणि वेव्ह उडवल्या. पुढं एका फोनसाठी त्याच एमपीथ्रीचं एएसी केलं (तोही एमपीथ्रीसारखाच आवाज दाबणारा फॉरमॅट), मग कारसाठी त्या एएसीचं परत एमपीथ्री, या वेळी ३२० चं, कारण आकडा मोठा तर आवाज चांगला असं मला तेव्हा वाटायचं. मधल्या काळात विंडोज नव्यानं टाकताना आधीची फोल्डरं गेली. शेवटी हातात राहिली ती ही तिसऱ्या फेरीची कॉपी.

गेल्या आषाढीला चांगले हेडफोन लावून ऐकायला बसले आणि पाचव्या मिनिटाला बंद केलं. आजोबांचा आवाज ठीक होता, पेटीही बऱ्यापैकी होती, पण टाळ! दहाबारा टाळांची जी झणझणीत धार असते ती गेलेली, पाण्याखालून कुणीतरी वाजवतंय असा सळसळाट नुसता, आणि पखवाजाची थाप पडायच्या आधीच एक बारीक खरखर. वाईट वाटलं खूप, कारण ते देऊळ आता नव्यानं बांधलंय आणि त्यातली निम्मी माणसं राहिली नाहीत.

हे असं का होतं ते मग नीट वाचलं. एमपीथ्री आवाजाचे छोटे छोटे तुकडे करतं, सेकंदाला साधारण ३८, आणि प्रत्येक तुकड्यात कानाला जे ऐकू येणार नाही असं त्याला वाटतं ते टाकून देतं. गाणाऱ्याच्या आवाजात स्वर ठरलेले असतात, ते थोडक्यात लिहिता येतात. टाळाचं तसं नाही, त्याचा आवाज एकाच वेळी वरच्या सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, त्याला जागा भरपूर लागते, आणि १२८ मध्ये ती मिळत नाही. थापेचंही असंच, एकदम मोठा आवाज आला की कमी जागेत लिहिताना झालेली चूक त्या अख्ख्या तुकड्यावर पसरते, म्हणून थापेच्या आधी खरखर. आणि मुख्य म्हणजे टाकलेलं परत येत नाही. १२८ चं ३२० केलं की फाईल अडीचपट होते, आवाज होता तेवढाच राहतो, उलट परत एकदा कापाकापी होते. मी ती तीनदा केली होती.

मग तात्यांना फोन केला, त्यांनी माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली, १२ कॅसेटी मिळाल्या. पुन्हा तीच वायर, तीच ऑडॅसिटी. या वेळी सगळं फ्लॅकमध्ये ठेवलंय. फ्लॅक म्हणजे झिप फाईलसारखंच समजा, आवाजातलं काहीच टाकत नाही, फक्त घट्ट बांधून ठेवतं, उलगडून परत वेव्ह केलं की बिट ना बिट तीच फाईल मिळते, आणि जागा साधारण निम्मी. शिवाय मूळ आवाजाचा एक चेकसम, म्हणजे त्या आवाजावरून काढलेला पडताळणीचा आकडा, फाईलच्या आतच असतो, त्यामुळं पाच वर्षांनी फाईल खराब झालीय का ते तपासता येतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

फॉरमॅट बदलायला मी फ्रीॲक नावाचा प्रोग्रॅम वापरते, फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं. फाईली आत ओढायच्या, कुठला फॉरमॅट आणि कुठलं फोल्डर ते सांगायचं, बटण दाबायचं, बस. कारच्या स्टिरिओला फ्लॅक कळत नाही, म्हणून तिच्यासाठी लेम एन्कोडरनं (एमपीथ्री बनवणारा प्रोग्रॅम) व्हीबीआर, म्हणजे गरजेप्रमाणे कमीजास्त जागा घेणारं, एमपीथ्री करते, क्वालिटी २ वर, सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास जातं, यात टाळ टाळासारखे वाजतात. हे एमपीथ्री मात्र कधीही पुसायचे, त्यांच्यावरून पुढं काहीच बनवायचं नाही, काही लागलं तर परत फ्लॅककडं जायचं.

नावांचा एक त्रास होतो तो सांगून ठेवते. फ्लॅकच्या टॅगमध्ये, म्हणजे फाईलच्या आत नाव वगैरे लिहितात तिथं, मराठी व्यवस्थित राहतं. एमपीथ्रीच्या नव्या टॅगमध्येही राहतं, पण जुन्या पद्धतीच्या टॅगमध्ये देवनागरी बसतच नाही आणि कारच्या स्क्रीनवर नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. त्यामुळं कारच्या पेनड्राइव्हवर मी नावं इंग्रजी अक्षरांत टाकते, पुढं ०१, ०२ असा नंबर लावून, आणि फाईली त्याच क्रमानं कॉपी करते, कारण आमचा स्टिरिओ कॉपी झालेल्या क्रमानंच वाजवतो.

तात्यांना पहिली फाईल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली, म्हणजे आहे तशीच पोचते. रात्री त्यांचा फोन आला, म्हणाले, "अगं, मधनं जड वाजतोय ना, तो माझा टाळ, आण्णांनी पंढरपुरातनं आणलेला." मागच्या फाईलीत तो वेगळा ऐकूच येत नव्हता.

दोन कॅसेटी अजून मिळायच्यात. एक बहुतेक आत्याकडं आहे, दुसरीचं कुणालाच आठवत नाही. मिळालेल्यांपैकी एकीच्या आतला स्पंजचा तुकडा निघालाय, तिची टेप दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवायचीय, त्यासाठी स्क्रूवाली रिकामी कॅसेट शोधतेय. कुणाकडं पडून असेल तर कळवा.