भिंतीवरची नावं

सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब बाहेर पडायचं ठरलं की निघायची वेळ नवाची असते आणि दाराला कुलूप लागतं साडेअकराला. कुणाचा तरी एकच मोजा सापडलेला असतो. मग ऐन उन्हात एखाद्या पडक्या वास्तूत शिरायचं. माहितीफलक दिसला की मी मोठ्यानं वाचायला लागतो आणि दुसऱ्या ओळीला माझे श्रोते पांगलेले असतात. फलकाला आणि मला आता त्याची सवय झाली आहे.

मुलं वाचतात ती भिंत. कुणाचं कुणावर प्रेम आहे, कुठल्या साली होतं, बदाम, बदामातून आरपार बाण. मी रीतीप्रमाणे भडकतो. परवा असाच भडकलो असताना धाकटीनं विचारलं, "बाबा, नाव किती जुनं झालं की चालतं?"

आता आली का पंचाईत! १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात अजिंठ्याला पोचला आणि दहाव्या लेण्यातल्या चित्रावर नाव-तारीख कोरून मोकळा झाला. तेव्हा जमिनीवर मातीचा थर होता, त्यावर तो उभा राहिला. म्हणून आज ते नाव डोक्याच्याही वर दिसतं आणि लोक माना उंचावून ते शोधतात. इस्तंबूलच्या हागिया सोफिया या जुन्या प्रार्थनास्थळात संगमरवरी कठड्यावर हाल्फदान नावाच्या कुणा उत्तर युरोपातल्या माणसानं रून या तिकडच्या जुन्या लिपीत नाव खरडून ठेवलंय. त्या ओरखड्याला तर आता जपतात! इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहराच्या भिंतींवरच्या शिव्यांचासुद्धा अभ्यास होतो.

"हजारएक वर्षं," मी ठोकून दिलं. स्मिथ त्यात बसत नाही, हे नंतर लक्षात आलं.

बाग त्या मानानं सोपी. तिथं सनावळी नाही, चटई अंथरली की झालं. पण नावं तिथंही होतीच, झाडाच्या बुंध्यावर. थोरल्याचं म्हणणं, झाड वाढेल तसं हे नावही वर जाणार, मग वाचायला शिडी लागेल. तसं होत नाही. झाड उंच होतं ते शेंड्याकडून. बुंधा नुसता जाड होत जातो. छातीच्या उंचीवर कोरलेलं नाव कायम छातीच्याच उंचीवर राहतं, फक्त अक्षरं आडवी पसरत जातात. त्याचा विश्वास बसेना. झाडाला पाठ टेकवून तो ताठ उभा राहिला. त्याच्या आईनं डोक्यावर पट्टीसारखा हात धरला. बदाम बरोबर कपाळापाशी येत होता, आणि सुजून सुजून चांगला वीतभर रुंद झाला होता.

धाकटीनं बदामावरून बोट फिरवलं. "यांचं लग्न झालं का?"

मी सवयीनं आजूबाजूला पाहिलं. इथं फलक नव्हता.