रायन रीव्ह्जची किंमत

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरवं मैदान येतं, ध्यानचंद येतात, पुण्याच्या माणसाला खडकीचा धनराज पिल्ले आठवतो. कॅनडात नुसतं हॉकी म्हटलं की ती बर्फावरचीच. टोरांटोच्या मेपल लीफ्सनी १९६७ नंतर स्टॅन्ली कप जिंकलेला नाही, तरी ऑक्टोबर लागला की ऑफिसच्या कँटीनपासून भाजीच्या दुकानापर्यंत विषय त्यांचाच. शनिवारी रात्रीचा सामना पंजाबी कॉमेंट्रीतही ऐकता येतो आणि टोरांटोजवळच्या आमच्या मिसिसॉगातल्या बऱ्याच मराठी घरांत तो तसाच ऐकला जातो.

आज मला गोल करणाऱ्यांविषयी लिहायचं नाही. प्रत्येक संघात पूर्वी एक माणूस असायचा, ज्याच्याकडून गोलाची अपेक्षाच नसायची. त्याला म्हणतात एन्फोर्सर. तुमच्या हुकमी खेळाडूला कुणी मुद्दाम धडक दिली, तर जाऊन त्याच्याशी दोन हात करायचे, एवढंच त्याचं काम. घरच्यांना हे सांगितलं की त्यांना पहिल्यांदा खोटंच वाटतं. दोघं हातमोजे टाकतात, एकमेकांची जर्सी धरतात आणि ठोसे सुरू होतात. पंच बाजूला उभे राहून बघतात. एकजण बर्फावर पडला किंवा दोघं दमले की मगच मध्ये पडतात. शिक्षा म्हणजे दोघांना पाच-पाच मिनिटं बर्फाबाहेरच्या पेटीत बसवणं. त्यांच्या जागी दुसरे खेळाडू उतरतात, त्यामुळे संघाचं संख्याबळही घटत नाही. लहान मुलांच्या हॉकीत मात्र मारामारी केली की थेट सामन्याबाहेर. माझा मुलगा ज्या रिंकवर शिकतो तिथे हे पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं.

अशा माणसाचं वय झालं की संघाला त्याचा किती उपयोग? हा प्रश्न मला रायन रीव्ह्जमुळे पडला आणि तो डोक्यातून जात नाही.

रीव्ह्ज विनिपेगचा. २०१० मध्ये सेंट लुईसकडून तो एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या हॉकी लीगमध्ये उतरला. पुढची गोष्ट तारखांवरूनच बघा. मे २०१७ मध्ये प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, पिट्सबर्गच्या सिडनी क्रॉस्बीच्या डोक्याला मार लागला. जूनमध्ये पिट्सबर्गनं रीव्ह्जला आणलं. मे २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या टॉम विल्सननं न्यूयॉर्क रेंजर्सच्या आर्टेमी पनारिनला बर्फावर आपटलं. जुलैमध्ये रेंजर्सनी रीव्ह्जला आणलं. मे २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या सॅम बेनेटनं आमच्या मॅथ्यू नाइजला खाली पाडलं, त्याच्या मेंदूला धक्का बसला. १ जुलैला लीफ्सनी रीव्ह्जशी तीन वर्षांचा करार केला. संघाचं माणूस दुखावलं की चाहते खवळतात, मालक खवळतात आणि महिना-दोन महिन्यांत या एकाच माणसाचा फोन वाजतो.

त्याच्यासाठी मोजलेली किंमतही बघण्यासारखी आहे. पिट्सबर्गनं पहिल्या फेरीतली ड्राफ्टची निवड (दरवर्षी नवे तरुण खेळाडू संघ पाळीपाळीनं निवडतात, तो ड्राफ्ट) आणि वर एक तरुण खेळाडू दिला होता, बदल्यात रीव्ह्ज आणि दुसऱ्या फेरीतली निवड घेतली. रेंजर्सनी चार वर्षांनंतर तिसऱ्या फेरीतल्या निवडीवर काम भागवलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मिनेसोटानं त्याला पाचव्या फेरीतल्या निवडीत नेलं. लीफ्सनी तर कुणाला काही न देता, नुसत्या करारावर घेतलं: वर्षाला १३ लाख ५० हजार डॉलर. वय तेव्हा ३६.

या माणसांचं काहीच मोल नसतं, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. एडमंटनला या खेळातला सगळ्यात गाजलेला वेन ग्रेट्झ्की खेळायचा तेव्हा त्याच्या आसपास डेव्ह सेमेंको असायचा. ग्रेट्झ्कीला हात लावायचा तर आधी सेमेंकोचा हिशेब चुकवावा लागेल, हे सगळ्या लीगला ठाऊक होतं. १९८८ च्या ऑगस्टमध्ये ग्रेट्झ्की लॉस एंजेलिसला विकला गेला, तेव्हा त्याच सौद्यात मार्टी मॅकसोर्लीही गेला; तोही याच जातकुळीचा. पाठीशी कुणीतरी आहे हे माहीत असलेला पोरगा कोपऱ्यातल्या पकसाठी, म्हणजे या हॉकीतल्या रबरी चकतीसाठी, बिनधास्त घुसतो. हे कुठल्याही आकडेवारीत दिसत नाही, पण ज्यानं कुठलाही सांघिक खेळ खेळलाय त्याला ते कळतं. रीव्ह्ज शिवाय बोलका, हसरा, ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांना हवासा. त्याच्याबरोबर खेळलेले लोक त्याच्याविषयी आपुलकीनं बोलतात.

फक्त खेळ बदलला. २००४-०५ चा अख्खा मोसम मालक आणि खेळाडूंच्या वादात बुडाला. नंतर सॅलरी कॅप आली, म्हणजे प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर वरची मर्यादा. अडवाअडवीचे नियम कडक झाले, खेळ वेगवान झाला. सामन्याला फक्त वीस जण उतरवता येतात: अठरा खेळणारे आणि दोन गोलकीपर. आक्रमणाच्या चार फळ्या असतात आणि चौथ्या फळीकडूनही आता धावपळ लागते, एक माणूस पेटीत असताना गोल वाचवावा लागतो. एन्फोर्सर हे करत नाही. तो साठ मिनिटांच्या सामन्यात सात-आठ मिनिटं खेळतो आणि सामना अटीतटीचा झाला की कोच त्याला बाकावरून उठवतच नाही. त्याच्या वाटणीची मिनिटं मग बाकीचे अकरा फॉरवर्ड दमून भरून काढतात. म्हातारा एन्फोर्सर संघाला महाग पडतो तो असा. पगाराचा आकडा त्यात सगळ्यात लहान.

रीव्ह्जनं लीफ्सकडून पहिल्या मोसमात ४९ सामन्यांत चार गोल केले. २ मार्च २०२४ ला रेंजर्स टोरांटोत आले. त्यांच्याकडे मॅट रेम्पी नावाचा साडेसहा फुटांहून उंच, २१ वर्षांचा नवा मुलगा होता. लीगमध्ये येऊन त्याला जेमतेम दोन आठवडे झालेले आणि येईल त्याच्याशी तो भिडत सुटलेला. ३७ वर्षांचा रीव्ह्ज त्याच्यासमोर उभा राहिला. आम्ही शेजाऱ्यांच्या बेसमेंटमध्ये सामना बघत होतो. खोलीतला प्रत्येकजण उभा राहिला, मीही राहिले. ती थरथर मी नाकारणार नाही. रीव्ह्ज मागे हटला नाही, वय झालेला माणूस म्हणून त्यानं कसलीही सवलत मागितली नाही. पण दोघं वेगळे झाले तेव्हा माझ्या मनात होतं ते त्याचं डोकं. त्या एका मिनिटात त्यावर किती ठोसे बसले असतील?

हे डोक्यात येण्याला कारण आहे. टोरांटोनं हे आधी पाहिलेलं आहे. २००९ मध्ये लीफ्सनी कोल्टन ऑर या एन्फोर्सरला वर्षाला दहा लाख डॉलरवर आणलं. जानेवारी २०११ मध्ये अनाहाइमच्या जॉर्ज पॅरोसशी भिडताना त्याच्या मेंदूला धक्का बसला आणि त्याचा तो मोसम संपला. पुढच्या जानेवारीत लीफ्सनी त्याला खालच्या संघात पाठवलं, तेव्हा जनरल मॅनेजर ब्रायन बर्क पत्रकारांसमोर उघडपणे हळहळले. असे खेळाडू गेले तर बर्फावर उंदरांचं राज्य येईल, अशा अर्थाचं ते बोलले. ऑर परतला. २०१३-१४ मध्ये तो ५४ सामने खेळला: एकही गोल नाही, एकही असिस्ट (गोलासाठी दिलेला पास) नाही. त्याच मोसमाच्या पहिल्या दिवशी, १ ऑक्टोबर २०१३ ला, मॉन्ट्रियलमध्ये समोर पुन्हा पॅरोस होता. मारामारीत ऑर घसरला, त्याच्याबरोबर पॅरोस तोंडावर पडला आणि त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं. दोन माणसं, दोन झुंजी, दोघांच्या मेंदूला एकेक धक्का. त्यातून कुठल्या संघाला काय मिळालं, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये लीफ्सनी ऑर आणि फ्रेझर मॅकलॅरन दोघांनाही बाजूला केलं आणि एन्फोर्सर ठेवणं बंद केलं.

आणि डेरेक बूगार्ड, तोही एन्फोर्सर. त्याच्याविषयी लिहिताना मला जड जातं. २७७ सामन्यांत तीन गोल, आणि तरी २०१० मध्ये रेंजर्सनी त्याला चार वर्षांसाठी ६५ लाख डॉलर दिले. त्याची शेवटची झुंज ९ डिसेंबर २०१० ला ऑटवात झाली. पुन्हा तो बर्फावर उतरलाच नाही. १३ मे २०११ ला दारू आणि वेदनाशामक गोळ्यांच्या मिश्रणानं तो गेला. वय २८. बोस्टन विद्यापीठाच्या तज्ज्ञांना त्याच्या मेंदूत सीटीई आढळला. डोक्याला वारंवार मार बसलेल्या बॉक्सरांना होतो तो आजार. त्याच ऑगस्टमध्ये रिक रिपिएन आणि वेड बेलॅक हे आणखी दोन मारामारीसाठी ओळखले जाणारे खेळाडू गेले. बेलॅक तर कित्येक वर्षं लीफ्सचा होता आणि गेला तोही याच शहरात. ही बातमी ऐकलेली माणसं माझ्या ऑफिसात आहेत. एरवी मारामारीच्या बाजूनं तावातावानं बोलणारा माझा एक सहकारी बेलॅकचं नाव निघालं की गप्प होतो.

घरी फोनवर हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, ‘अगं, एवढे पैसे मिळतात, त्याच्या मर्जीनंच खेळतो ना तो?’ मर्जीनं खेळतो, खरं आहे. पण या खेळाडूंपुढे बहुतेकदा एकच दार उघडं असतं. विशी ओलांडायच्या आत त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की तुझ्या स्केटिंगवर तू वर जाणार नाहीस, मुठींवर जाशील. तिशीनंतर मुठी दुखायला लागतात, हाडं मोडून वेडीवाकडी जुळलेली असतात आणि समोर दरवर्षी नवा एकवीस वर्षांचा येतो. नकार दिला तर जागा जाते.

रीव्ह्जचा दुसरा मोसम अवघड गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये एडमंटनच्या डार्नेल नर्सच्या डोक्यावर त्याची धडक बसली आणि त्याला पाच सामन्यांची बंदी आली. ती घातली एनएचएलच्या खेळाडू सुरक्षा विभागानं, आणि त्या विभागाचा २०१७ पासूनचा प्रमुख कोण, तर तोच जॉर्ज पॅरोस. ३५ सामन्यांत रीव्ह्जच्या नावावर दोन असिस्ट जमा झाले, गोल शून्य. मार्च २०२५ मध्ये त्याला वेव्हर्सवर ठेवलं, म्हणजे बाकीच्या ३१ संघांपैकी कुणालाही तो फुकट नेता येणार होता. कुणीही नेला नाही, म्हणून तो खालच्या संघात गेला. लीफ्सच्या खात्यातून साडेअकरा लाख डॉलरचा भार कॅपमधून उतरला, दोन लाख तसेच राहिले. ८ कोटी ८० लाखांच्या कॅपमध्ये ही रक्कम किरकोळ, पण प्लेऑफच्या तोंडावर संघ तेवढीसुद्धा मोजतात.

मग मे २०२५. फ्लोरिडाविरुद्धच्या मालिकेचा पहिलाच सामना, आणि पुन्हा तोच सॅम बेनेट. या वेळी त्याचं कोपर आमचा गोलकीपर अँथनी स्टोलार्झच्या डोक्याला लागलं. स्टोलार्झ त्या मालिकेत परत खेळला नाही आणि लीफ्स सातव्या सामन्यात हरले. रीव्ह्ज असता तर हे झालं नसतं, असं दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये दोघा-तिघांनी तरी म्हटलं. मला ते पटत नाही. प्लेऑफमध्ये पेनल्टी परवडत नाही, म्हणून मारामाऱ्या जवळपास थांबतात. क्रॉस्बी, नाइज, स्टोलार्झ, तिघंही प्लेऑफमध्येच जायबंदी झाले. ज्या जखमेवर औषध म्हणून एन्फोर्सर आणायचा, ती जखम त्याचं काम थंडावतं त्याच दिवसांत होते. बेनेटला पहिल्यांदा आवर घालायला हवा होता तो लीगनं, दंड आणि बंदी वाढवून. ती जबाबदारी अडतीस वर्षांच्या माणसाच्या कवटीवर टाकणं मला मान्य नाही.

कोल्हापूरच्या तालमीत म्हातारा पैलवान वस्ताद होतो. तो पोरांना डाव शिकवतो, कुणाच्या मनात भीती आहे ते नजरेनं ओळखतो, आणि कुणीही त्याला वीस वर्षांच्या मल्लासमोर आखाड्यात ढकलत नाही. रीव्ह्जकडे जे उरलंय आणि जे अजून भरपूर आहे, ते या जातीचं. १० जुलै २०२५ ला लीफ्सनी त्याला हेन्री थ्रन या तरुण बचावपटूच्या बदल्यात सॅन होजेला दिलं. आधीच्या मोसमात सॅन होजे लीगमध्ये सगळ्यात शेवटी होते, पण त्यांच्याकडे २०२४ च्या ड्राफ्टमधला पहिला क्रमांक मॅक्लिन सेलेब्रिनी आहे, विल स्मिथ आहे. सौदा झाला तेव्हा एक १९ वर्षांचा, दुसरा २० वर्षांचा. अशा पोरांच्या खोलीत रीव्ह्जसारखा माणूस असणं साडेतेरा लाखांहून मोलाचं आहे, असं मी मनापासून म्हणते. हरण्याची सवय लागलेल्या संघात रोज सकाळी हसत येणारा आणि कुणी खचला तर त्याला उठवणारा माणूस हवाच. तेवढ्यासाठी त्याला हातमोजे टाकायला लावण्याची गरज नाही. सॅन होजेनं त्याचा करार संपला की त्याला कोचांच्या बाकावर बसवावं, पगार हवा तर तेवढाच ठेवावा. सहायक कोचांचे पगार कॅपमध्ये धरलेच जात नाहीत.