थर्मोस्टॅटच्या आधी बॉयलरकडे बघा

हिवाळा तोंडावर आला की इंग्लंडमधल्या लीड्सच्या आमच्या मराठी मंडळींत एकच चर्चा सुरू होते : थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचं तापमान ठरवणारं भिंतीवरचं यंत्र, किती वर ठेवता, 18 की 21 अंश? गॅसचं बिल तिथेच ठरतं, असा बहुतेकांचा समज. मला विचाराल तर आधी स्वयंपाकघरातल्या कपाटाआड बसवलेल्या बॉयलरपाशी जा. गॅसवर पाणी तापवून ते खोल्याखोल्यांतल्या धातूच्या रेडिएटरमध्ये सोडतो तो हाच.

आमचा कॉम्बी बॉयलर आहे, म्हणजे टाकीशिवाय नळाचं गरम पाणीही तोच देतो. त्यावर दोन बटणं : एकावर नळाचं चित्र, दुसऱ्यावर रेडिएटरचं. पहिलं आंघोळीच्या पाण्यापुरतं. रेडिएटरकडे निघणारं पाणी किती तापवायचं ते दुसरं ठरवतं. बसवणारा ते 75 अंशांवर ठेवून गेला होता. ओळखीच्या घरांतही ते 70 ते 80 च्या मध्येच दिसतं, कारण तिकडे कुणी हात लावत नाही.

भिंतीवरच्या साध्या थर्मोस्टॅटला या पाण्याची काही खबर नसते. तो भोवतालच्या हवेचं तापमान बघून बॉयलरला चालू किंवा बंद व्हायला सांगतो, एवढंच. आमचा हॉलमध्ये आहे. आई-बाबा साताऱ्याहून डिसेंबरात आले होते, तेव्हा संध्याकाळी पोळ्या होईपर्यंत स्वयंपाकघराची ऊब हॉलमध्ये पसरायची, थर्मोस्टॅट बॉयलर बंद करायचा आणि वरच्या खोलीत बाबा शाल गुंडाळून बसलेले असायचे. स्वयंपाकघराचं दार लावून घेतल्यावर तो त्रास मिटला.

बाबा रेडिएटरचा वॉल्व्ह लगेच 5 वर फिरवायचे. त्या आकड्यांच्या टोपणात मेण किंवा द्रव असतो. खोली तापली की तो फुगतो, आतली पिन दाबली जाते आणि गरम पाणी अडतं. 3 म्हणजे साधारण 20 अंश. थंड खोलीत 3 वरही वॉल्व्ह पूर्ण उघडाच असतो, म्हणून 5 केल्याने खोली लवकर तापत नाही. ती नको इतकी तापत राहते. थर्मोस्टॅटजवळचा रेडिएटर मात्र उघडाच ठेवावा. तो बंद केला तर हॉल गार राहतो आणि बॉयलर उगाच चालत राहतो.

आता मुख्य मुद्दा. 2005 पासून इंग्लंडमध्ये घरासाठी नवा गॅस बॉयलर घ्यायचा तर, थोडे अपवाद सोडता, तो कंडेन्सिंगच, म्हणजे धुरातल्या वाफेची उष्णताही वापरणारा, लागतो. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. ती बॉयलरच्या आतच थंडावून पाणी झाली तर तिच्यातली उष्णता आपल्याला मिळते, नाहीतर धुराबरोबर बाहेर जाते. त्यासाठी रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली हवं. 75 ने निघालेलं पाणी वाटेत 20 अंश उतरलं तरी जेमतेम 55 वर येतं, आणि इतकंही ते बऱ्याचदा उतरत नाही. म्हणजे कंडेन्सिंगचे पैसे मोजून आपण ती उष्णता अंगणात सोडतो. याची मला खरंच चीड येते.

मी रेडिएटरचं बटण 60 वर आणलं. मागच्या गटारात उतरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपातून आता वाफेचं झालेलं पाणी आधीपेक्षा जास्त ठिबकतं. घर तापायला वेळ लागतो हे खरं, म्हणून टायमर सकाळी अर्धा तास आधी लावते. रेडिएटर हाताला पूर्वीसारखे चटकत नाहीत, पण खोली 20 वर पोचते. लहान मूल रांगत असेल तर हेच बरं.

एक सावधगिरी. घरात गरम पाण्याची टाकी असेल तर हे बटण परस्पर खाली आणू नका. साठवलेलं पाणी 60 अंशांपर्यंत तापलंच पाहिजे, नाहीतर न्यूमोनियासारखा आजार करणारे लिजिओनेला जिवाणू वाढू शकतात. तिथे गॅस सेफ या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या इंजिनिअरलाच विचारा.

जानेवारीत बाहेर शून्याखाली गेलं की मी 65 करते आणि मार्चमध्ये पुन्हा खाली आणते. बाहेरच्या भिंतीवर सेन्सर बसवला तर बॉयलर हे काम हवेप्रमाणे स्वतःच करतो. आमच्या बॉयलरला त्याची जोडणी आहे, तेव्हा पुढच्या सर्व्हिसिंगला उत्तरेच्या भिंतीवर तो बसवून घेणार आहे.