वॅट नंतर, आधी सावली

"होडीवर किती वॅटचं सोलर पॅनल लावू?" शिडाची होडी घेतलेला प्रत्येक जण मला हे विचारतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो, पण आधी माझाच एक प्रश्न: दुपारी तीनला तुमच्या बूमची, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची, सावली कुठे पडते?

माझं पहिलं पॅनल मी केबिनच्या छपरावर चिकटवलं होतं. पातळ, वाकणारं, दिसायला देखणं. लख्ख ऊन असायचं आणि संध्याकाळी बॅटरी अर्धपोटी. पॅनलमधले सेल सिरीजमध्ये जोडलेले असतात. एक जरी सावलीत गेला तरी त्याच्या रांगेतल्या सगळ्यांचा प्रवाह अडतो. बायपास डायोड त्या रांगेला वळसा घालून देतो खरा, पण बहुतेक पॅनलमध्ये अशा तीनच रांगा. म्हणजे बूमची एक पट्टी आडवी पडली की तिसरा हिस्सा गेला. पट्टी तिन्ही रांगांवर पडली तर विचारूच नका.

त्यात उष्णता. पॅनलवर छापलेले वॅट सेल 25 अंशांवर असतानाचे. पुढच्या दर अंशाला साधारण 0.35 टक्के घट. चिकटवलेल्या पॅनलखाली वारा खेळत नाही. सेल 65 अंशांवर गेला की सातवा हिस्सा तिथेच संपला.

आता दोन काचेची पॅनलं होडीच्या मागच्या कमानीवर आहेत, खालून मोकळी. वाऱ्याला आडवी येतात, म्हणून कमान दणकट हवी. तिथे काटकसर नको. सूर्याकडे कलती करण्याचा खटाटोप मी सोडला. नांगरावर होडी फिरत राहते, तासाभरात पॅनल सूर्याला पाठ दाखवतं. दोन्हींना वेगळा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीला देणारा डबा) दिलाय, म्हणजे एकावर सावली आली तरी दुसरं आपलं काम करतं.

आणि हो, वॅट. फ्रिज दिवसाला 50 अँपिअर-तास खात असेल, तर 12 व्होल्टवर ते 600 वॅट-तास झाले. आडवं ठेवलेलं 100 वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला 300 ते 400 वॅट-तास देतं. म्हणजे नुसत्या फ्रिजलाच 200 वॅट. ऑटोपायलट, दिवे, ढगाळ दिवस वेगळे.

ड्रिल हातात घ्यायच्या आधी पॅनलच्या मापाचा पुठ्ठा जागेवर बांधा आणि एक अख्खा दिवस नांगरावर काढा. दर दोन तासांनी पुठ्ठ्यावर सावलीची रेघ मारा. मग बूम दोरीने एका बाजूला ओढून बांधा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रेघा मारा. माझ्या निम्म्या रेघा त्या दोरीनेच पुसल्या.