आबाजींची वेबली

परवा अमरावतीला गेलो होतो, काम दुसरंच होतं, पण येताना बंदुकांच्या डीलरकडे थांबलो आणि आबाजींची, म्हणजे आजोबांची बंदूक पाहून आलो. नुसती पाहूनच आलो, घरी आणता येत नाही अजून. बाबा गेल्यावर वारसाच्या लायसनसाठी अर्ज टाकला त्याला तीन वर्षं होत आली, फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जाते, मधे एकदा कागद सापडत नाही म्हणाले, पुन्हा सगळे झेरॉक्स दिले, तेव्हापासून परत शांत. तोवर बंदूक डीलरच्या कपाटात जमा. जाताना मी सोबत मऊ फडकं आणि मशीनचं तेल नेतो, त्यांच्यासमोर बसून पुसतो आणि परत देतो.

बाराबोर आहे, दुनाळी, वेबली अँड स्कॉट या विलायती कंपनीची. आबाजींनी १९६० च्या आसपास घेतली, पीक संरक्षणाच्या लायसनवर. आमचं वावर अगदी मेळघाटच्या पायथ्याला, रात्री डुकरं आली की तुरीची, हरभऱ्याची वाट लागायची, डुक्कर खाते कमी अन् तुडवते जास्त हे ज्याचं वावर आहे त्याला सांगायला नको. आबाजी दिवाळीपासून पार हरभरा निघेपर्यंत जागलीला, माळ्यावर घोंगडी घेऊन. बहुतेक वेळा हवेतच बार काढायचे, काडतूस महाग होतं, आधी विलायती एली कंपनीचं मिळायचं, मग खडकीच्या फॅक्टरीचं शक्तिमान. मोजून आणायचे आणि मोजून ठेवायचे. घरात आम्हा पोरांना एकच वाक्य, "त्याले हात नोको लावू बा, ते खेळनं नोहे."

पण पुसताना जवळ बसवायचे. बंदूक मोडून नळ्या वेगळ्या केल्या की नळ्यांच्या खालच्या अंगाला बारीक शिक्के दिसतात, छोटा मुकुट आणि त्याखाली तीन इंग्रजी अक्षरं, बीएनपी. लहानपणी मला ते कोण्या राजाचं नाव वाटायचं. खूप नंतर कळलं की तो बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा शिक्का, म्हणजे तिथे नेहमीपेक्षा जबर बार भरून नळी तपासायची, टिकली तरच मुकुट मारायचा. आणि बंद करताना जो आवाज यायचा, तो मी अजून ऐकतो, खट नाही, स्टीलच्या डब्याचं झाकण नीट बसल्यावर येतो तसा दबका. तो आवाज कुठून येतो हेही नंतरच वाचलं. कारागीर नळीच्या टोकाला दिव्याची काजळी लावायचा, बंदूक बंद करायची, उघडायची, जिथे काजळी उमटली तेवढंच कानशीने घासायचं, पुन्हा काजळी, पुन्हा बंद, असं करत करत सगळीकडे सारखी काजळी उमटेपर्यंत. एका बंदुकीवर किती वेळा केलं असेल त्या माणसाने. आणि नळीवाला वेगळा, दस्त्याचं लाकूड बसवणारा वेगळा, नक्षीवाला वेगळा, गल्ल्यागल्ल्यांत छोटी छोटी दुकानं, आपल्याकडे गाव वसवताना सुतार-लोहार एका आळीत असतात तसंच.

ही वेबली कंपनी कशी बुडत गेली हे मी बरंच वाचलं, कारण बंदूक नादुरुस्त झाल्यावर मला समजूनच घ्यायचं होतं की पार्ट का मिळत नाही. १८८७ मधे वेबलीचं रिव्हॉल्व्हर इंग्रजांच्या फौजेने घेतलं, १८९७ मधे वेबली, स्कॉट आणि आणखी एक फर्म एकत्र होऊन वेबली अँड स्कॉट झाली. पहिल्या महायुद्धात कारखाना रात्रंदिवस. आणि युद्ध संपल्यावर लगेच १९२० मधे त्यांच्याकडे शस्त्र कायदा आला, साध्या माणसाला रिव्हॉल्व्हर-रायफल घ्यायला पोलिसांचं सर्टिफिकेट. घरचं गिऱ्हाईक आटलं. मग १९२४ पासून हवेवर चालणारी छर्ऱ्याची पिस्तुलं बनवायला लागले, पोट भरायला दुसरं काय करणार. त्यात सरकारने काय केलं, त्यांच्याच रिव्हॉल्व्हरवरून बेतलेलं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या एनफिल्डच्या कारखान्यात काढलं. कंपनीने भरपाई मागितली, हाती पडले १,२५० पौंड. मला सगळ्यात जास्त हे लागलं. चाळीस वर्षं ज्याने तुम्हाला माल पुरवला त्याचंच डिझाईन घ्यायचं आणि वरून एवढेसे पैसे टेकवायचे.

पुढे दुनाळीवर तग धरून राहिले, १९६५ मधे ग्रीनरसारखी नावाजलेली फर्मसुद्धा विकत घेतली, पण हाताने काजळी लावून बसवायची बंदूक आणि इटलीत मशीनवर निघणारी बंदूक, यात भावात कोण टिकणार. आणि इकडे आमच्या आबाजींसारखं जे गिऱ्हाईक होतं तेही गेलं, आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, शिकारीवर बंधनं आली, बाहेरून बंदूक आणणं तर ऐंशीच्या दशकात साध्या माणसाला जवळपास बंदच झालं. १९७९ मधे वेबलीने बंदुका बनवणं थांबवलं. उरली एअरगन, २००५ च्या शेवटी तीही कंपनी बुडाली, नाव दुसऱ्याने विकत घेतलं आणि माल तुर्कस्तानातून यायला लागला. आता तर आपल्या उत्तर प्रदेशात, हरदोई जिल्ह्यात संडीला म्हणून गाव आहे तिथे वेबली नावाचं पॉइंट थर्टी टूचं रिव्हॉल्व्हर निघते. निघू द्या, लोकांना रोजगार मिळतो चांगलंच आहे, पण आबाजींच्या बंदुकीला त्याचा काही उपयोग नाही.

आमच्या बंदुकीची उजव्या नळीची स्प्रिंग बाबांच्या हातात असताना तुटली. चिमट्यासारखी दुमडलेली पट्टीची स्प्रिंग असते, आत बसलेली. तालुक्याला एक मिस्त्री होता त्याने घरीच घडवलेली बसवून दिली, पैसे घेतले, घोडा पडायचा पण काडतूस फुटायचं नाही, काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर नुसता बारीक खळगा. बाबा पुन्हा गेले तर म्हणाला काडतूसच जुनं आहे. ते जुने मिस्त्री, ज्यांच्याकडे आबाजी जायचे, ते कधीच वारले, पोराने दुकानात मोबाईलचं काम सुरू केलं. मग बाबांनी वावराला झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेला विजेचा झटका देणारी, लावली आणि बंदूक दारामागून कपाटात गेली. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, नंतर सोडवून आणायची, एवढंच तिचं फिरणं राहिलं.

डुकरं काही थांबली नाहीत, यंदाही बांधाकडचा तुरीचा पट्टा लोळवला.

परवा पुसताना डाव्या नळीचा घोडा मी हळूच तपासला, डीलर होते शेजारी, तो अजून नीट पडतो, साठ-पासष्ट वर्षांनी. उजवा ढिला. बंद केली तर तोच आवाज. आता मला एवढंच पाहिजे, लायसन होईल तेव्हा होईल, पण तोवर वेबलीची ती दुमडलेली स्प्रिंग नीट पाणी देऊन घडवणारा कोणी जुना मिस्त्री विदर्भात असेल, नागपूर, अकोला, यवतमाळ कुठेही, आणि डीलरकडेच बसून काम करायला तयार असेल, तर मला नक्की कळवा. जुनी तुटलेली स्प्रिंग बाबांनी फेकली नव्हती, काडेपेटीत घालून ठेवली आहे, दोन्ही तुकडे आहेत, माप त्यावरून घेता येईल.