आधी इंग्रजी तर येऊ दे

हा प्रश्न सहकारी विचारतात, पालक विचारतात, नव्याने शिकवायला लागलेले तर हमखास विचारतात. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दा तोच असतो: ज्या मुलांना इंग्रजीत अजून भूतकाळ धड सांभाळता येत नाही, त्यांना लेखकाची शैली आणि लेखकाचा आवाज शिकवण्याचा एवढा आग्रह कशासाठी? पाया भरला नाही आणि तुम्ही कळस चढवायला निघालात. मी दर वेळी दोन वाक्यांत काहीतरी उत्तर देते आणि नंतर बराच वेळ मनात चडफडत राहते. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते आहे.

तुमच्या म्हणण्यातलं जे खरं आहे ते आधी मान्य करते. नेहमीचं काय असतं हे ठाऊक असेल तरच वेगळं काय आहे ते जाणवतं. 'स्लिम' आणि 'स्किनी' यांचा अर्थ शिकणाऱ्या मुलाने शोधला तर दोन्हीकडे बारीकच सापडतं. एकात कौतुक आहे आणि दुसऱ्यात टोचणी, हे समजायला ते शब्द कुणाच्या तरी तोंडून, कुणाबद्दल तरी ऐकलेले असावे लागतात. लेखकाने सरळ क्रम मोडून वाक्य उलटं लिहिलं, तर ज्याला सरळ क्रमच अंगवळणी पडलेला नाही त्याला ते उलटं आहे हे दिसणार कसं? ही खरी अडचण आहे. ती मला रोज वर्गात भेटते.

पण त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढता तो मला मान्य नाही. ही मुलं वर्गात रिकामी येत नाहीत. पंधरा-सोळा वर्षांचं माणूस आपल्या भाषेत आवाज पुरेपूर ओळखतं. आई फोनवर पहिले दोन शब्द बोलली की ती चिडली आहे, दमली आहे की काही लपवते आहे हे त्याला कळतं. मित्राला एक, मुख्याध्यापकांना दुसरं आणि आजीला तिसरं, असं एकच प्रसंग तीन तऱ्हांनी सांगणं ते रोज करतं. त्याला शिकवायचं असतं ते एवढंच, की हेच काम इंग्रजीत कशाकशाने होतं: वाक्याच्या लांबीने, क्रियापदाच्या निवडीने, विरामचिन्हाने, काय सांगायचं टाळलं त्याने. हे शिकायला सगळे काळ पाठ व्हावेच लागतात असं नाही. उलट, काळ बदलला की सांगणाऱ्याचं प्रसंगापासूनचं अंतर बदलतं, हे एकदा कानाला जाणवलं की काळ शिकण्यात मुलाला स्वतःचा काही मतलब दिसायला लागतो.

आणि हो, शैली शिकवण्याच्या नावाखाली बऱ्याच ठिकाणी जे चालतं त्याला माझाही विरोध आहे. डिक्शन (शब्दनिवड), सिंटॅक्स (वाक्यरचना), टोन (सूर) अशा संज्ञांची यादी फळ्यावर लिहायची, व्याख्या पाठ करून घ्यायच्या आणि मग परिच्छेद द्यायचा. उत्तर ठरलेलं येतं: 'द ऑथर यूझेस डिक्शन टु क्रिएट टोन.' लेखक शब्द वापरतो. बरं, मग? जगातल्या कुठल्याही परिच्छेदाबद्दल हे वाक्य लिहिता येईल. मुलांना आधारासाठी वाक्याचा सांगाडा द्यावाच लागतो, पण तो नुसता भरून दिला की मार्क मिळतात हे त्यांनी हेरलं, तर ती तेवढंच करतात. त्यात त्यांची चूक काहीच नाही.

त्याऐवजी मी एकाच मजकुराची दोन रूपं शेजारी शेजारी ठेवते. नेहमीचं कसं असतं हे मुलांना माहीत नाही ना, मग तेही त्याच कागदावर देऊन टाकायचं. यासाठी अमेरिकी कवयित्री एमिली डिकिन्सनइतकं सोयीचं दुसरं कुणी मला सापडलेलं नाही. ती १८८६मध्ये गेली आणि १८९०मध्ये तिच्या कवितांचं पहिलं पुस्तक निघालं. ते काढताना संपादकांनी तिची विरामचिन्हं सरळ केली, कवितांना शीर्षकं दिली, कुठे कुठे शब्दही बदलले. तिच्या हस्तलिखितांत जागोजागी असलेल्या आडव्या रेघा बहुतेक गेल्या. त्या पुन्हा नीट छापून यायला १९५५मधली टॉमस जॉन्सन यांची आवृत्ती यावी लागली. मी एकाच कवितेची दोन्ही रूपं देते, कुठलं कोणाचं ते सांगत नाही, आणि मोठ्याने वाचायला लावते. प्रश्न एकच: श्वास कुठे अडकतो? ज्यांना कवितेतले निम्मे शब्द कळलेले नसतात, तीही मुलं बोट ठेवून दाखवतात. इथे ती थांबली. इथे तिला बोलायचं नव्हतं, तरी बोलली. दुसऱ्या रूपात ती अडखळत नाही, भाषण केल्यासारखी बोलते. मग मी इतिहास सांगते आणि कुणीतरी विचारतंच, 'म्हणजे तिचं बरोबर होतं तरी दुरुस्त केलं?'

या प्रश्नामुळेच मला पुढचं सांगायचं आहे.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. इंग्रजी शिकायला लागून तिला फार काळ झाला नव्हता. दुसऱ्या कुणाच्या वतीने तुम्ही बोललात असा प्रसंग लिहा, असं मी सांगितलं होतं. त्याआधी आम्ही अमेरिकी कथाकार हेमिंग्वेचा एक परिच्छेद वाचला होता. त्याचं नाव घेतलं की सगळे तोकडी वाक्यं म्हणतात, पण 'अँड'ने जोडत जोडत लांबच लांब जाणारी वाक्यंही त्याने लिहिली आहेत, आणि मी मुद्दाम तसला परिच्छेद घेतला होता. या मुलीने आईबरोबर डॉक्टरांकडे गेल्याचं लिहिलं. आईला इंग्रजी येत नव्हतं. सगळं मिळून एकच वाक्य होतं, पानभर. डॉक्टर म्हणाले आणि मी आईला सांगितलं आणि आईने विचारलं आणि मी डॉक्टरांना सांगितलं आणि डॉक्टर म्हणाले. 'सेड' आणि 'टोल्ड' या दोन क्रियापदांपलीकडे जवळजवळ काही नव्हतं. पान संपत आलं तिथे पूर्णविराम, आणि खाली स्वतंत्र ओळीवर: 'धिस आय डिड नॉट टेल.'

ते काय होतं, हे तिने लिहिलं नव्हतं.

मी ते पान बऱ्याचदा वाचलं. आजही मला ते शब्दन् शब्द आठवतं. ते लेखन मूल्यांकनासाठी गेलं आणि दुसऱ्या शिक्षकांनी तपासलं, जशी पद्धत असते तसं. पानभर लाल रेघ, बाजूला 'रन-ऑन' (म्हणजे जिथे तोडायला हवं तिथे न तोडलेलं वाक्य), खाली शेरा: शब्दसंग्रह मर्यादित, क्रियापदांत विविधता आणावी. सुधारून पुन्हा देण्याची मुभा होती. तिने मन लावून सुधारलं. डॉक्टर आता 'इन्फॉर्म्ड' करत होते, आई 'इन्क्वायर' करत होती, वाक्यं आटोपशीर झाली होती, भूतकाळ सगळीकडे बरोबर होता. शेवटची ओळ झाली होती: 'हाउएव्हर, आय डिसायडेड नॉट टु ट्रान्सलेट धिस इन्फर्मेशन टु माय मदर.' मार्क वाढले. ती कागद घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, 'आता बरोबर आहे ना?'

बरोबर होतंच. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणायला हवं होतं ते मला तेव्हा सुचलं नाही आणि आताही नीट सुचत नाही. तपासणाऱ्यांवरही मी आरोप करत नाही. त्यांच्यासमोर निकषांचा तक्ता होता, त्यात वाक्यरचनेची ओळ होती आणि त्या ओळीप्रमाणे ते चोख वागले. तिला पुढे शिकायचं होतं, परीक्षा द्यायच्या होत्या, आणि तिथे पानभर लांबीचं वाक्य कुणी ऐकून घेणार नव्हतं. पण आईशेजारी बसलेली, दोन्ही बाजूंचं बोलणं स्वतःच्या तोंडातून वाहून नेणारी जी मुलगी पहिल्या पानावर होती, ती दुसऱ्या पानावर नव्हती.

इथे तुम्ही म्हणाल, आणि एका सहकाऱ्याने तोंडावर म्हटलंही, की तिने ते निवडलं होतं याला पुरावा काय? तिला 'अँड'शिवाय दुसरं जोडता येत नसेल म्हणून तिने 'अँड' लिहिलं. मी तिला विचारलं होतं, एवढं लांब वाक्य का केलंस? ती म्हणाली, 'डॉक्टर थांबतच नव्हते.'

पूर्वी माझी यावर ठरलेली कसोटी होती: मुलाला कारण सांगता आलं तर ती शैली, नाही सांगता आलं तर ती चूक. आता त्या कसोटीशी मी भांडते. ज्यांची पुस्तकं आपण शिकवतो त्यांच्यातल्या किती जणांना आपण असा खुलासा मागतो? कानाला बरोबर वाटलं म्हणून लिहिलं, एवढं त्यांना पुरतं आणि माझ्या विद्यार्थिनीला पुरत नाही, हे न्यायाचं नाही. पण कसोटी टाकून द्यावी तर त्याच वर्गात दुसरी मुलं आहेत, ज्यांच्या 'अँड'मागे खरोखर दुसरा पर्याय ठाऊक नसण्यापलीकडे काही नाही. त्यांना 'हा तुझा आवाज आहे' म्हणून तिथेच सोडून देणं ही फसवणूक होईल.

पूर्वी मी अशा वादात कादंबरीकार जोसेफ कॉनरॅडचं नाव पुढे करायचे. जन्म पोलिश घरातला, फ्रेंच आधी आलेलं, इंग्रजी विशीत जहाजांवर काम करता करता शिकलेलं, आणि तरी इंग्रजी गद्यात त्याचं नाव अग्रभागी. मुलांना ही गोष्ट मी अजूनही सांगते, कारण ती त्यांची आहे. तुम्हाला मात्र सांगत नाही. असामान्य माणसाच्या जोरावर चाळीस जणांच्या वर्गाचा अभ्यासक्रम ठरत नाही, हे तुमचं म्हणणं मला पटतं.

तरी एक गोष्ट तुमच्यापुढे ठेवते. लेखनाची सहा अधिक एक वैशिष्ट्यं वेगवेगळी तपासण्याची ('सिक्स प्लस वन ट्रेट्स') जी पद्धत शिक्षकांना ओळखीची आहे, तिच्यात आवाजाला स्वतंत्र ओळ आहे आणि भाषेच्या नियमांना वेगळी. म्हणजे या दोन गोष्टी एक नाहीत हे ठरवून झालेलं आहे. त्या मुलीच्या दोन्ही पानांना मी नंतर माझ्यापुरते या पद्धतीने मार्क दिले. नियमांच्या ओळीत दुसरं पान पुढे गेलं, आवाजाच्या ओळीत पहिलं, आणि वाक्यांच्या ओघाची जी ओळ असते तिथे माझा हात थांबला. ते पानभर वाक्य ओघवतं म्हणायचं की सुटलेलं? मी एक आकडा लिहिला, खोडला, दुसरा लिहिला. त्या सहकाऱ्याने तेच पान वाचून माझ्याहून बराच कमी आकडा दिला आणि त्याची कारणंही सांगितली, जी चुकीची नव्हती. आमचा त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.